पिझ्झा, कोर्ट आणि ऑल्ट टेक्स्ट

पिझ्झाच्या ऑर्डरवरून खटला थेट सुप्रीम कोर्टाच्या दारात! हसू नका, अमेरिकेत खरंच झालंय. एका अंध गृहस्थाला डॉमिनोजच्या साइटवर आणि अ‍ॅपवर स्क्रीन रीडर वापरून ऑर्डर देता येईना. त्यांनी २०१६ मध्ये दावा ठोकला. २०१९ मध्ये अपील कोर्टाने दावा चालू ठेवला आणि डॉमिनोजची याचिका ऐकायला सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी नकार दिला.

आता डॉमिनोजकडे वकिलांची फौज असते हो. पण आमच्या होस्टेलवरचा एक सिनियर परदेशातल्या छोट्या दुकानांच्या साइट्स करून पॉकेटमनी काढतो. त्याच्या न्यूयॉर्कच्या एका गिऱ्हाइकाला, मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंना, अशीच नोटीस आली. मेसमध्ये एकच गोंधळ. "दुकानात माणसं दोन, आणि साइटवरून कोर्ट? काहीही!"

सबमिशनं उरकल्यावर मी जरा खोदत बसलो. मूळ कायदा १९९० चा. तेव्हा नेट कुणाला ठाऊक? दुकानाला रॅम्प हवा, दार रुंद हवं, असा तो कायदा. पुढे दुकानंच नेटवर गेली. पण खाजगी साइट नेमकी कशी हवी, याचा नियम तिथल्या सरकारने केलेलाच नाही. २०१० मध्ये सुरू केलेलं काम २०१७ मध्ये गुंडाळलं. २०२४ चा नियम आला तो फक्त राज्य आणि स्थानिक सरकारांपुरता.

खरी गोम पैशात आहे. केंद्राच्या कायद्याने फिर्यादीला नुकसानभरपाई मिळत नाही. कोर्ट फक्त 'सुधारा' म्हणतं आणि त्याच्या वकिलाची फी द्यायला लावतं. कॅलिफोर्नियात मात्र राज्याच्या कायद्याने एका उल्लंघनाला किमान ४००० डॉलर! शिवाय आधी कळवून दुरुस्तीला मुदत द्यावी, अशी अट केंद्राच्या कायद्यात नाही. मग काही वकील तोच मजकूर नाव बदलून दुकानामागून दुकानाला पाठवतात (आपली जर्नल्स आठवली ना?). लढण्यापेक्षा तडजोड स्वस्त, म्हणून दुकानदार पैसे मोजतो. साइट तशीच राहिली तरी बोलायला कोण येतंय? त्यात 'एका ओळीच्या कोडने साइट सुधारा' म्हणणारेही आहेत. असल्याच दाव्यांबद्दल अ‍ॅक्सेसिबी कंपनीला २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १० लाख डॉलर भरायला लावले.

हे सगळं मी आतेभावाला फोनवर सांगितलं. दादा जन्मापासून अंध, नाशिकला क्लार्क आहे. वाटलं, तोही वकिलांना शिव्या घालेल. तो म्हणाला, "असतील रे चोर. पण मी बिलाच्या साइटवाल्यांना तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. शेवटी शेजारच्या पोराला पासवर्ड सांगून बिल भरलं. तू सांगशील तुझा पासवर्ड कुणाला?"

यावर काय बोलणार?

दिवाळीत त्याने मला एनव्हीडीए लावून दिलं (फुकट आहे, जरूर बघा) आणि मॉनिटर बंद केला. एका दुकानाच्या साइटवर वस्तूंच्या जागी नुसतं 'आयएमजी अंडरस्कोर...' आणि पुढे आकडे. 'विकत घ्या'चं बटण होतं साध्या डिव्हचं, त्यामुळे टॅब दाबत राहिलो तरी तिथे पोचताच येईना. दहा मिनिटांत मी वैतागलो. दादा शांतपणे चिवडा खात होता. यात अवघड इंजिनिअरिंग काहीच नाही, हे जास्त टोचतं. फोटोला ऑल्ट टेक्स्ट, फॉर्मच्या खोक्याला लेबल, बटणाला बटणच. पहिल्याच दिवशी केलं तर तासाभराचं काम.

आपल्याकडेही कायदा आहे, २०१६ चा. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ई-केवायसीच्या प्रकरणात (तिथे कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगायचे!) डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. दादाने ती बातमी स्क्रीन रीडरवर दोनदा ऐकली. मला विचाराल तर आधी नोटीस, मग ठराविक मुदत, मग कोर्ट, असा क्रम हवा. दादाला तो मान्य नाही. "मुदत कुणाची? माझे तीन मेल धर की त्यात," म्हणतो.

यंदा फेस्टची साइट माझ्याकडे आहे. फॉर्मला लेबलं लावून झाली. पोस्टर अजून नुसता जेपेग आहे, आणि त्याच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये स्पॉन्सरचं नाव आधी की फेस्टचं, यावर कमिटीत जुंपली आहे. रविवारी दादा येतोय टेस्टिंगला. चिवडा आणायला सांगितलाय.