सुरी दाखवायची नसते

मला स्लॅशर सिनेमे आवडतात. हे ऐकून मशिदीतले बुजुर्ग म्हणतात, कशाला वेळ वाया घालवतोस. पुण्यातले सिनेमावाले मित्र म्हणतात, हॉरर ठीक आहे, पण ही चाकूबाजी कसली? माझं म्हणणं असं की भीती कशी तयार करतात हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने स्वस्तातला स्लॅशर जरूर पाहावा. निर्मात्याकडे पैसे नसतात, त्यामुळे झाकायलाही काही नसतं. भीतीचं सगळं यंत्र उघडं दिसतं.

साचा सोपा आहे. एक मारेकरी, बहुधा मुखवट्यातला. हातात धारदार हत्यार. आणि एकेक करून कमी होत जाणारी चार-सहा तरुण पोरं. मोठे नट लागत नाहीत, सेट लागत नाहीत. जॉन कारपेंटरने १९७८ मध्ये 'हॅलोविन' केला तो सुमारे तीन लाख डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लर. मारेकऱ्याचा तो प्रसिद्ध पांढरा चेहरा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा. त्याची डोळ्यांची भोकं मोठी केली, वरून पांढरा रंग मारला, झालं काम. संगीतही कारपेंटरने स्वतःच केलं.

आपल्याकडे हा धंदा रामसे बंधूंनी ओळखला. त्यांचा १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोक घाबरतात, हे त्यांनी हेरलं. मग १९७२ मध्ये महाबळेश्वरला मुक्काम ठोकून 'दो गज जमीन के नीचे' काढला. कॅमेरा एका भावाकडे, आवाज दुसऱ्याकडे, लेखन तिसऱ्याकडे. पुढे १९९४ मध्ये त्यांचा 'महाकाल' आला. तो अमेरिकेतल्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वरून उचललेला. पात्यांचा पंजासुद्धा तिकडचाच.

असले पिक्चर मी पाहिले ते शिरूरला, मामूंच्या घरी. आम्ही दौंडचे. सुट्टीत शिरूरला जायचो. घरात शादी असली की भाड्याने व्हीसीआर यायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर संपवायचे. आम्ही पोरं गोधडीत तोंड खुपसून बसायचो. मामूंचं मटणाचं दुकान होतं. ते भिंतीला टेकून शांतपणे बघायचे. एका पिक्चरमध्ये मारेकरी सुरा उगारून हळूहळू पोरीकडे येत होता. मामू म्हणाले, "ऐसी छुरी पकडे तो पैले खुद का अंगूठा जाएगा." आम्ही हसलो. मग ते जरा वैतागून म्हणाले, "और दिखा कायको रहा है उसको?"

हा प्रश्न साधा नव्हता. ज़बह करण्याचे काही अदब आहेत. सुरी धारदार हवी, म्हणजे जनावराला त्रास कमी होतो. पण ती त्याच्यासमोर धारेला लावायची नाही, त्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. एक रिवायत अशी आहे की मेंढीला आडवं पाडून तिच्यासमोरच सुरीला धार लावणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (स.) हटकलं. तिला दोनदा मारायचा तुझा इरादा आहे का, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मामू हे पुस्तकातून शिकले नव्हते. बापाच्या हाताखाली दुकानात शिकले होते.

स्लॅशर सिनेमा नेमका याच्या उलट चालतो. तिथे प्रत्येक माणूस दोनदा मरतो. खरं मरण दोन सेकंदांचं असतं, आधीचं मरण दहा मिनिटांचं. पात्यावर चमकणारा उजेड, जिन्यावरची पावलं, दाराची कडी. टोबी हूपरच्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (१९७४) या सिनेमाच्या नुसत्या नावाने लोक दचकतात, पण त्यात प्रत्यक्ष रक्त फार कमी दिसतं. 'हॅलोविन'मध्येही तसंच. रक्ताला, मेकअपला पैसे लागतात. सुरी दाखवायला काही लागत नाही.

हूपरच्या सिनेमातलं ते खुनी कुटुंब पूर्वी कत्तलखान्यात काम करणारं आहे. यंत्रं आली आणि त्यांचं काम गेलं. खाटकाला खुनी ठरवणं सिनेमाला सोपं जातं, कारण सुरी त्याच्या हातात आधीच असते. मामूंच्या दुकानात बसलेल्या माणसाला मात्र हे पटत नाही. रोज सुरी वापरणारा माणूस ती कधी उगारत नाही. उगारणारा बहुतेक वेळा ती वापरणाऱ्यातला नसतोच.

मुखवट्याचंही असंच आहे. पाकिस्तानात २००७ मध्ये ओमर खान या सिनेमावेड्या माणसाने 'ज़िबहखाना' नावाचा स्लॅशर काढला. घरच्यांना थापा मारून गाण्याच्या कार्यक्रमाला निघालेली पोरं रानात वाट चुकतात. त्यांच्या मागे लागलेला मारेकरी बुरख्यात असतो. मी तो पाहिला तेव्हा आधी दचकलो, मग हसलो. तिथे बुरखा घरोघरी आहे. त्यामुळे प्रेक्षकाला कळतं की ही आपल्याच घरातली थट्टा आहे, आणि थोडी टीकासुद्धा. तोच मारेकरी आपल्याकडे कुणी पडद्यावर आणला तर दौंडच्या स्टेशनवर उभ्या असलेल्या माझ्या बहिणीकडे लोक कसे बघतील, हा विचार डोक्यातून जात नाही. मुखवटा तोच राहतो. समोर कोण बसलंय त्यावर त्याचा अर्थ बदलतो.

दौंडहून चौफुला, न्हावरेमार्गे शिरूरला निघालं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) हा मराठी सिनेमा अशाच उसात घडतो. ऊस म्हणजे फुकटातला चक्रव्यूह. त्या सिनेमाला मी मानतो, कारण त्यातली भीती शेवटी पोटातल्या मुलीपाशी जाऊन थांबते. तिला नको असणारे मुखवटा घालत नाहीत, ते घरातलेच असतात.

उसातली खरी भीती मात्र बिबट्याची. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे जीव गेले. लोक चिडले, रस्त्यावर उतरले. पिंजऱ्यांची मागणी झाली, पिंजरे लागले. पोरांना एकटं सोडणं बंद झालं. खऱ्या भीतीला पत्ता असतो, म्हणून तिच्यावर इलाजही शोधता येतो.

दुसऱ्या भीतीला पत्ता नसतो. त्याच वर्षी १ ऑगस्टला आमच्या दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून जमाव रस्त्यावर आला. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली. त्या रात्री शिरूरहून मामींचा फोन आला, "बाहर मत निकलो रे." पुढचे काही दिवस आमच्या फोनवर काय काय येत होतं! नाचवलेल्या तलवारी, धमक्या, कुठल्या गावचे आणि कुठल्या सालचे कळत नाही असे व्हिडिओ. काही त्यांच्याकडून आलेले. काही आपल्याकडूनही निघालेले, हे लपवून चालणार नाही. मला ते बघताना सतत वाटत होतं, हे तंत्र माझ्या ओळखीचं आहे. अंधार, पातं, आणि फ्रेमच्या बाहेर कुणीतरी. खर्च शून्य. फरक एवढाच की सिनेमाला मी तिकीट काढून बसतो, दिवे लागतात, शेवटी पाट्यांवर करणाऱ्यांची नावं येतात. इथे नाव येत नाही आणि दिवेही लागत नाहीत. महिनाभर दुकानं लवकर बंद होतात, पोरी क्लासला जात नाहीत, शेजारी शेजाऱ्याशी मोजून बोलतो. कुणी एक वारही न करता अख्खा मोहल्ला आधीच एकदा मेलेला असतो.

माझ्या भाच्याच्या फोनवर असे दोन व्हिडिओ सापडले. तो अठरा वर्षांचा, दौंडला आयटीआय करतो. त्याचं म्हणणं, "वो डराते हैं तो हम भी डराएंगे." मी त्याला तकरीर दिली नाही. रात्री लॅपटॉपवर 'हॅलोविन' लावला. त्याची सुरुवात ठाऊक असेल. आपण मुखवट्याच्या दोन भोकांतून बघत असतो. हातात सुरी, जिना, खोली, खून. मग आपण घराबाहेर येतो, आईबाप समोर येतात आणि बाप तो मुखवटा काढतो. आत सहा वर्षांचं पोरगं असतं.

भाचा बराच वेळ गप्प होता. पिक्चर संपल्यावर म्हणाला, "मामू, इसमें तो खून दिखाया हीच नै." मी म्हटलं, हो, नुसती सुरी दाखवली. त्याने फोन काढला आणि ते दोन्ही व्हिडिओ डिलीट केले. ग्रुपवर पुढे गेलेले अजून फिरतच असतील.