गिटार बदलायची वेळ

तीन वर्षं झाली, माझी कोलकात्यात बनलेली प्लायवूडची गिटार अजून ठणठणीत आहे. वसईत चर्चच्या क्वायरमुळे गिटारवाले बरेच, सल्ल्यांना तोटा नाही. "आता चांगली घे रे!"

एफ कॉर्ड नीट लागत नाही म्हणून गिटार बदलणं मला तरी पटत नाही. आधी तारा नव्या घाला. बाराव्या फ्रेटवर तार ३ मिलिमीटरहून उंच असेल तर सॅडल खालून घासून घ्या. निम्मी रडगाणी तिथेच संपतात.

खरं कारण वेगळं. हलकं वाजवा नाहीतर जोरात, आवाज एकाच साच्यातला येतो, आणि एक दिवस ते कानाला खुपायला लागतं. मला आता खुपतंय. म्हणजे सॉलिड टॉप हवी, थर चिकटवलेली नाही तर सलग लाकडाची वरची फळी. पण असं लाकूड आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतं, तारा वर उचलल्या जातात. प्लायवूड बिचारं निमूट सोसतं.

त्यामुळे धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये जाणार ते दसऱ्यानंतरच. तेही दुपारी, संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये नवी गिटार घेऊन कोण चढणार!

जुनी विकणार नाही. जून ते सप्टेंबर तीच बाहेर, नवी केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.