मोठ्याने वाचावीत अशी पुस्तके

चातुर्मास जवळ आला, की ओळखीच्या घरांतून एक विचारणा हमखास येते : "अलीकडची काही चांगली पुस्तके सुचवा, घरातल्या सर्वांना वाचता येतील अशी." विचारणा सरळ आहे, उत्तर मात्र तितके सरळ नाही. पुरस्कारांच्या याद्या वर्तमानपत्रांत येतच असतात, त्या पुन्हा उतरवून देण्यात अर्थ नाही. माझ्याजवळ एक वेगळी कसोटी आहे. ती माझ्या 82 वर्षांच्या आईची आहे आणि गेली तीन वर्षे ती रोज संध्याकाळी लागते.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना विकार जडला. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट आणि कडेचे दार मात्र स्पष्ट, अशी तिची दृष्टी झाली. स्वाध्याय आणि कादंबरी या दोहोंची सारखीच गोडी असलेल्या बाईला अक्षर दिसेनासे झाले. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. झोपेला अजून दोन-तीन तासांचा अवकाश असतो. त्या वेळात मी वाचते आणि ती ऐकते. ऐकणारा माणूस लेखकाला मुळीच सवलत देत नाही. डोळ्यांनी वाचताना कंटाळवाणे पान आपण हळूच उलटून टाकतो. मोठ्याने वाचताना ती पळवाट राहत नाही. "हे तो परत सांगतोय," असे आई मध्येच म्हणते, आणि पाहावे तर खरोखरच तसे असते. नावाजलेली चार-पाच पुस्तके अशी अर्ध्यावर बंद झाली. त्यांची नावे सांगत नाही.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही कादंबरी मात्र पहिल्याच संध्याकाळी तिने उचलून धरली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आहे. धरणासाठी गाव उठते, माणसे नव्या वसाहतीत येतात, आणि एक म्हैस मागे राहते. तिला आणायला एक जण परत जातो, तर म्हैस रानटी झालेली, माणसाच्या हाती लागायला तयार नाही. कथानक म्हणावे तर एवढेच. माणूस आणि जनावर यांच्यातला तो पाठलाग वाचताना कोणाचे काय हिरावले गेले आहे, हे हळूहळू उमगत जाते. भाषा कोल्हापूरकडची, रानातली. शहरात वाढलेल्या वाचकांचा डोळा या बोलीला अडखळतो. त्यांनी एक पान मोठ्याने वाचून पाहावे. कान अडखळत नाही.

आमच्या जुन्या गावाजवळ चांदोली धरणाच्या विस्थापितांची वसाहत होती. वडील किराणा दुकान चालवीत. पुस्तक निम्मे झाल्यावर एके दिवशी आईने मला थांबवले आणि त्या वसाहतीतल्या एका बाईविषयी सांगू लागली. ती बाई मीठ-तेल न्यायला येई आणि सामान घेतल्यावरही बराच वेळ दुकानाच्या पायरीवर पश्चिमेकडे तोंड करून बसे. "कुणाची तरी वाट बघते, असं मला वाटायचं," आई म्हणाली. एवढे बोलून तिने पुढे वाचायला सांगितले. चाळीस वर्षांत त्या बाईचा उल्लेख मी घरात कधी ऐकला नव्हता.

ज्यांना नदीकाठची माणसे हवी आहेत, त्यांनी मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट' घ्यावी. नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहायला उतरणारा निवेदक आणि काठावर भेटणारी, समाजाने कडेला टाकलेली माणसे असा तिचा पसारा आहे. आकाराने आटोपशीर असल्याने ती आमची आठवडाभरात संपली.

गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' हिंदीत 2018 साली आली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. पतीच्या निधनानंतर ऐंशी वर्षांची आई घराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. आणि मग उठते ती अशी, की थेट सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते. मराठी वाचकाने ती मूळ हिंदीतूनच वाचावी, कारण शब्दांचे खेळ हाच तिचा प्राण आहे. मधला भाग फार पसरट आहे, हे माझे मत. आईचे मत वेगळे. "घरातली सगळी तिला ऊठ ऊठ म्हणतात, ती बरोबरच आहेत. आणि तीही बरोबर आहे," असे ती म्हणाली, आणि पसरटपणाबद्दल तिने तक्रार केली नाही.

एका पुस्तकाबद्दल थोडी सावधगिरी सांगायला हवी. 2024 चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या कोरियन लेखिका हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' ही कादंबरी केवळ नाव पाहून पर्युषणात भेट द्यावी, असे कोणाच्या मनात आले तर त्याने थांबावे. तिच्या नायिकेच्या मांसत्यागामागे भूतदया नाही, एक रक्ताळलेले स्वप्न आहे. तिच्या घरचे लोक हा त्याग सहन करू शकत नाहीत. बाप तिच्या तोंडात बळजबरीने मांस कोंबू पाहतो. पुढे हिंसा आहे, शरीरसंबंध आहेत, वेडाच्या सीमेवरचे उपोषण आहे. घरात मोठ्याने वाचण्याचे हे पुस्तक नव्हे. आईला मी त्यातला थोडाच भाग मराठीत सांगितला. परंतु प्रौढांनी ते एकट्याने अवश्य वाचावे. ज्या नियमाला आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मान आहे, तोच तिथे बंड ठरतो. मग आपल्या ताटाचा नियम मोडणाऱ्या मुलीला आपण कसे वागवू, हा विचार पुस्तक मिटल्यावरही सुटत नाही.

ज्या पुस्तकाने आमच्या घरात खरोखर काही हलवले, ते कादंबरी नाही. शल्यविशारद अतुल गवांदे यांचे 'बीइंग मॉर्टल' 2014 चे, म्हणजे फार नवे नव्हे. पण वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येक घरात ते पोहोचावे असे मला वाटते. लेखक अमेरिकेत वाढले, मात्र त्यांच्या वडिलांचे मूळ गाव विदर्भातले उटी. आजोबा सीताराम गवांदे जवळजवळ 110 वर्षे जगले, तेही मुलानातवंडांत, शेताची देखरेख करीत. मात्र 'पूर्वीचे सगळे चांगले' असा सूर लेखक लावत नाही. त्या व्यवस्थेची किंमत तरुणांनी मोजली, हेही तो सांगतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एका डॉक्टराने 1991 मध्ये दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणले आणि मरगळलेले वृद्ध पुन्हा हालचाल करू लागले, अशी एक हकिकत त्यात आहे. मी ती रंगून वाचली. आईने विचारले, "पक्षी पिंजऱ्यातच होते ना?" होते. "मग म्हाताऱ्यांना बरं वाटलं, पक्ष्यांना कोणी विचारलं का?" यावर लेखकाजवळ उत्तर नाही. माझ्याजवळही नव्हते.

पुढे एका वृद्ध प्राध्यापकाची गोष्ट येते. धोक्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी मुलगी त्यांना विचारते, की कितपत जगता आले तर ते जगणे तुम्हाला चालेल? चॉकलेट आइस्क्रीम खाता यावे आणि टीव्हीवर फुटबॉल पाहता यावा, एवढे असले तर जगायला तयार आहे, असे ते सांगतात. आई मनापासून हसली. चार दिवसांनी, मी दुसरेच काही वाचत असताना, म्हणाली, "मला नाही विचारलंस."

त्या वेळी तिला पुण्याला धाकट्या भावाकडे नेण्याचे जवळजवळ ठरले होते. तिकडे तिच्या खोलीला रंगही देऊन झाला होता. माझेही वय 58 आहे, मलाही विसावा हवा होता, हे लपवण्याचे कारण नाही. मी विचारले. तिने उत्तर तयारच ठेवले होते : "सकाळी स्वतःच्या पायांनी मंदिरात जाता यावं, आणि संध्याकाळी कोणीतरी वाचून दाखवावं. पुण्यात दुसरं होईल. पहिलं होणार नाही." मंदिर आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, भिंतीला हात लावत ती जाते. मी ते पुस्तक भावाला पाठवले. तो आठवड्याने आला, दोन दिवस राहिला, आईबरोबर मंदिरात जाऊन आला. पुण्याचे सध्या बोलणे नाही. पुढे काय होईल, ते तिच्या पायांवर आणि माझ्या पाठीवर अवलंबून आहे.

सध्या आमच्याकडे बानू मुश्ताक यांच्या कथा चालू आहेत. त्यांच्या 'हार्ट लॅम्प' या बारा कथांच्या इंग्रजी संग्रहाला 2025 चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. अनुवाद दीपा भास्ती यांचा. मुस्लिम घरांतल्या बायकांच्या या कथा आहेत, आणि त्यांतली सासरे, मुलगे, दीर ही मंडळी कोणत्याही धर्माच्या घरात ओळखीची वाटावीत. मी इंग्रजी संग्रह आणला होता, पण आईचे माहेर चिकोडीचे, म्हणून मावशीने मूळ कन्नड कथा मिळवल्या आणि ती त्या रोज फोनवरून वाचते. आई ऐकते आणि मला मराठीत सांगते. एखाद्या वाक्यापाशी अडते, दोन-तीन शब्द चाचपून पाहते आणि "हे मराठीत नाही गं येत," म्हणून पुढे जाते. मावशीला नऊ वाजता झोप येऊ लागते, त्यामुळे कालची कथा अर्धीच राहिली आहे.