सीमाशिळेवरचा व्यवहार

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील ईम हे लहानसे गाव. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडासोबत येथे प्लेग शिरला, असे सांगतात. रोग शेजारच्या गावांत पसरू नये म्हणून पुढील वर्षी विल्यम मॉम्पेसन व थॉमस स्टॅन्ली या धर्मगुरूंच्या विनंतीवरून ग्रामस्थांनी सीमा ओलांडणेच सोडले. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरील सीमाशिळेत आजही खळगे दिसतात. त्यांतील व्हिनेगरमध्ये ग्रामस्थ नाणी ठेवीत. शेजारगावचे लोक अन्न ठेवून ती नेत. भेट नाही, तरी व्यवहार चोख.

जवळचा चॅट्सवर्थ प्रासाद अवश्य पाहावा. तेथील अर्लनेही तेव्हा अन्न पाठविले होते. परंतु आधी रायली थडग्यांपाशी थांबावे. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत पतीला व सहा मुलांना येथे मूठमाती दिली. त्या संयमाची किंमत येथेच उमगते.