मोजणीत नसलेली मुले

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवते. उर्दूत नागरिकशास्त्राला 'शहरियत' म्हणतात. शहर, त्यावरून शहरी, म्हणजे नागरिक. मराठीतही नगरावरूनच नागरिक हा शब्द आला. सहावीच्या मुलांना हे साम्य सांगितले की मजा वाटते. मग हमखास कुणीतरी विचारते, "टीचर, म्हणजे गावात राहणारा नागरिक नाही का?" आमच्या पनवेलमध्ये हा प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. इथे गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. तळी, बाजारपेठ, मोहल्ले आणि वाडे असे हे गाव. २००१ मध्ये नगरपालिकेच्या हद्दीत साधारण १ लाख ४ हजार माणसे होती, २०११ मध्ये १ लाख ८० हजार झाली. १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती आणि आजूबाजूची गावे एका हद्दीत आली, आणि २०११ च्याच जनगणनेने मोजले तरी लोकसंख्या ५ लाखांच्या घरात गेली. द्रुतगती मार्ग आधीच होता. २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. जाहिरातीत आता पनवेलचा उल्लेख 'विमानतळापासून इतक्या मिनिटांवर' असा होतो.

वाढीबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या नातेवाइकांतली कितीतरी मुले याच वाढीमुळे कामाला लागली. माझा प्रश्न क्रमाचा आहे. आधी काय आणि नंतर काय, हे कोण ठरवते, आणि कोणाला मोजून ठरवते?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे आपल्या हाती माणसांची पक्की मोजणी आहे ती २०११ ची. माझ्या वर्गातले एकही मूल तेव्हा जन्मलेले नव्हते. पाणी किती लागेल, दवाखाने किती, शाळेच्या खोल्या किती, याची मांडणी अंदाजावर चालते. इमारती मात्र अंदाजाने उभ्या राहत नाहीत. त्यांचा प्रत्येक चौरस फूट मोजलेला असतो.

स्थानिक शासनाचा धडा शिकवताना मी फळ्यावर दोन रकाने करते, आवश्यक कामे आणि ऐच्छिक कामे. मुलांनी एकेक काम योग्य रकान्यात लिहायचे. या वर्षी एकाने कब्रस्तान ऐच्छिकमध्ये टाकले आणि वर्ग हसला. मैदान सगळ्यांनी आवश्यकमध्ये लिहिले. कायदा उलटे सांगतो. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात पाणी, गटारे, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा, दफनभूमी आणि स्मशान ही आवश्यक कामे आहेत. बाग, मैदान, वाचनालय ही ऐच्छिक. वाचनालय ऐच्छिक असल्याचे शिक्षिका म्हणून मला वाईट वाटते, पण निदान क्रम तरी स्पष्ट आहे. वाढत्या शहरात हा क्रम हळूच बदलतो. सुशोभीकरणाचा फोटो काढता येतो. जमिनीखालच्या गटाराचा येत नाही.

पाण्याचेच घ्या. पनवेलच्या नगरपालिकेने एकेकाळी देहरंगला स्वतःचे धरण बांधले. लहान गावाला स्वतःचे धरण, ही केवढी दूरदृष्टी! आज ते धरण गाळाने भरत गेले आहे आणि गावाची तहान त्याच्या आवाक्याबाहेर आहे. एमआयडीसी आणि जीवन प्राधिकरणाकडून पाणी घ्यावे लागते, तरी उन्हाळ्यात घराघरात पिंपे भरून ठेवण्याची लगबग असते. आमच्याकडे रमजान उन्हाळ्यात आला की सहरीच्या आधी नळाला पाणी आहे का, हे आधी बघितले जायचे.

वाढीचा दुसरा परिणाम भाड्यावर होतो. जुन्या गावात परवडेना म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीचे कुटुंब तळोज्याला राहायला गेले. वर्ष अर्ध्यावर होते, म्हणून शाळा बदलली नाही. तिथे मेट्रो आहे, पण ती बेलापूरला जाते, जुन्या पनवेलला येत नाही. मुलगी दोन वाहने बदलून येते. तिच्या अब्बांचा दिवसाचा रोजगार आणि तिचा रोजचा रिक्षाखर्च यांचा मेळ बसत नाही. अम्मीने मला विचारले, "टीचर, सातवीनंतर बघू का?" आम्हा शिक्षकांना या 'बघू'चा अर्थ ठाऊक असतो. मुलगी हुशार आहे. तिच्या घरातून शाळेपर्यंतचा रस्ता कुठल्याच आराखड्यात नाही, एवढीच अडचण आहे.

दाद मागायची तर कोणाकडे? महापालिका झाली तरी गावांतल्या शाळा बरीच वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. वसाहतींतले लोक सिडकोला सेवाशुल्क भरत होते, त्यांना २०१६ पासूनच्या मालमत्ता कराची बिले एकदम आली आणि आंदोलने झाली. २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. शहर सर्वांत वेगाने वाढत असताना आपल्या वॉर्डात विचारायला माणूसच नव्हता.

मोजणी नाही हे कारण मात्र मला पटत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आम्ही शिक्षक दारोदार फिरतो. कोणत्या गल्लीत किती मुले आहेत, कोण कुठून येते, कोणाची शाळा सुटायच्या बेतात आहे, हे आमच्या वह्यांत असते. अंदाजपत्रकाच्या आधी त्या वह्या वॉर्डनिहाय एकत्र केल्या, तर बस कुठल्या मार्गावर हवी आणि वर्गखोली कुठे हवी, हे कळायला मोठ्या सल्लागाराची गरज नाही.

आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा कमान आणि कारंज्याबद्दल नंतर बोला. आधी एवढेच विचारा, या वॉर्डात सहा ते चौदा वयाची मुले किती आहेत आणि ती शाळेत कशी जातात? आकडा त्यांच्याकडे नसेल, तर जवळच्या शाळेत या. आम्ही वही काढून देऊ.