परिषदेनंतरचे चार दिवस

परदेशातल्या परिषदेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, निबंध कसा झाला? आणि दुसरा, फिरायला मिळाले की नाही? पहिला प्रश्न कौतुकाने येतो. दुसरा मात्र जरा डोळे बारीक करून येतो. ज्या घरातले पहिलेच माणूस विमानात बसते, त्या घरातल्या माणसाला हा दुसरा प्रश्न फार टोचतो. आपण समाजाच्या खांद्यावर बसून इथवर आलो, तेव्हा आपला प्रत्येक तास कामीच लागला पाहिजे, असे त्याला वाटते. हे वाटणे चांगलेच आहे. पण त्यातून विश्रांती म्हणजे चोरी, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांत रुजू लागली आहे. तिचा विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी नागपूरला समाजकार्य हा विषय शिकवते. रुग्णालयात आया आणि सफाई कामगार म्हणून राबणाऱ्या स्त्रियांची पाठ, मान आणि गुडघे यांचे काय होते, हा माझा अभ्यासाचा विषय. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात या विषयावरचा निबंध घेऊन मी ऑस्ट्रियातल्या बाड होफगास्टाइन या गावी गेले. परिषद तीन दिवसांची होती. तिला जोडून मी चार दिवसांची स्वतःची रजा टाकली. तीन दिवसांचा खर्च परिषदेचा, चार दिवसांचा माझ्या खिशातला. कागदोपत्री दोन्ही हिशेब वेगळे ठेवले. तरीही निघताना एका सहकाऱ्याने विचारलेच, "परिषद की हवापालट?" मी म्हटले, "दोन्ही."

आता त्या गावाविषयी. साल्झबर्ग प्रांतात, आल्प्सच्या पोटात गास्टाइन नावाचे खोरे आहे. साल्झबर्ग शहरातून रेल्वेने साधारण दीड तास लागतो. खोऱ्यात एकावर एक अशी तीन गावे: डोर्फगास्टाइन, बाड होफगास्टाइन आणि सर्वांत वर बाड गास्टाइन. 'बाड' म्हणजे स्नान. ज्या गावच्या पाण्यात औषधी गुण मानले जातात, त्याच्या नावामागे हा शब्द लागतो. बाड गास्टाइन समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. गावाच्या ऐन मध्यातून ३४१ मीटरचा धबधबा तीन टप्प्यांनी कोसळतो. त्याच्या आसपासच्या खडकांतून गरम पाण्याचे झरे निघतात. त्यांची उष्णता ४६ अंशांच्या घरात जाते. खालच्या होफगास्टाइनला एकोणिसाव्या शतकापासून हेच पाणी नळाने आणलेले आहे. आपल्याकडे किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला किंवा ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीला जे गरम पाणी निघते, त्याचीच ही दूरची भावंडे म्हणा.

अशा ठिकाणी विद्वानांनी जमायची चाल नवी नाही. स्वित्झर्लंडमधले डावोस हे क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध होते. औषध नव्हते त्या काळात उंचावरची स्वच्छ हवा आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार. तिथे वर्षानुवर्षे पडून असलेल्या तरुण विद्यार्थ्यांचे शिक्षण तुटू नये, म्हणून १९२८ ते १९३१ या काळात दरवर्षी विद्यापीठीय व्याख्यानांचे सत्र भरत असे. पहिल्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, खुद्द आइनस्टाइन तिथे व्याख्यान द्यायला आले होते. म्हणजे तिथे आजाऱ्याच्या खाटेपर्यंत ज्ञान चालत गेले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आज डावोसचे नाव निघते ते धनवंतांच्या बैठकीसाठी, पण या खाटांवरच्या विद्यार्थ्यांची आठवण फार थोड्यांना असते.

गास्टाइनमध्ये राजेरजवाडेही येत. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यातला १८६५ चा करार इथेच झाला. पुढच्याच वर्षी, १८६६ साली, दोघांत युद्धही झाले! तेव्हा गरम पाण्यात बसून माणसांची मने आपोआप निवळतात, असा भ्रम नको. १९९८ पासून मात्र होफगास्टाइनला युरोपातल्या आरोग्यधोरणावर दरवर्षी मोठी परिषद भरू लागली. त्यामुळे हे लहानसे गाव डॉक्टर, अधिकारी आणि अभ्यासक यांच्या परिचयाचे झाले आहे.

आमची परिषद त्या मानाने लहान होती. सकाळी नऊ ते साडेबारा निबंध, मग जेवण, आणि त्यानंतर दोन तास मोकळे. पहिल्या दिवशी मला वाटले, हा वेळ फुकट चालला. पण त्या दोन तासांत लोक नदीकाठच्या वाटेने जोडीजोडीने फिरायला निघत. सभागृहात ज्यांच्याशी बोलायला मन बिचकते, असे मोठे प्राध्यापक वाटेत आपणहून बाजूला येऊन चालू लागत. माझ्या निबंधावरचा सर्वांत कामाचा प्रश्न मला सभागृहात कोणी विचारला नाही, तो त्या वाटेवर विचारला गेला: "या बायकांना वर्षात पगारी रजा किती?" माझ्या निबंधात वजन किती उचलतात, किती वेळा वाकतात, याचे आकडे होते. रजेचा रकाना नव्हता, कारण मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेक कंत्राटी बायकांच्या तोंडी रजा हा शब्दच आला नव्हता. त्या 'खाडा' म्हणतात. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पैसा गेला.

परिषद संपली आणि माझे चार दिवस सुरू झाले. स्नानगृहाची रीत थोडक्यात सांगते, कारण आपल्या भगिनींपैकी कोणी गेली तर उपयोगी पडेल. तलावात उतरण्यापूर्वी साबणाने स्वच्छ अंघोळ करावी लागते. पाण्यात पोहण्याचा पोशाखच चालतो. साडी, सलवार किंवा आतले कपडे घालून उतरू देत नाहीत. वाफेच्या गरम खोल्यांचा विभाग वेगळा असतो आणि तिथे स्त्रीपुरुष एकत्र, अंगावर कपडे न घालता बसतात. तिकडे जाण्याची सक्ती नाही. मी गेले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर अंग कोरडे करून, पांघरूण घेऊन अर्धा-पाऊण तास पडून राहायचे. त्या खोलीत बोलायचे नाही. सवय नसलेल्या माणसाला हे पडून राहणेच सर्वांत अवघड जाते. माझा हात दोनदा पिशवीतल्या कागदांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पाण्यात साठीकडे झुकलेली एक बाई शेजारी बसली होती. परिषदेतली व्हिएन्नाची एक मैत्रीण माझ्याबरोबर थांबली होती. तिने दुभाषाचे काम केले. ती बाई शाळेत फरशा पुसण्याचे काम करीत होती. तीस वर्षे तेच काम. गुडघे आणि कंबर गेली, तेव्हा डॉक्टरांनी अर्ज भरून दिला आणि विमा संस्थेने तिला तीन आठवड्यांसाठी इथे पाठवले. रोज स्नान, मालीश, व्यायाम, डॉक्टरांची तपासणी. राहणेखाणे त्यातच. मी विचारले, "खर्च?" ती म्हणाली, उत्पन्नाप्रमाणे रोजचा थोडा हिस्सा भरावा लागतो, बाकी विमा भरतो. ज्यांचे उत्पन्न अगदी कमी, त्यांना तो हिस्साही माफ. मी पुन्हा विचारले, "आणि पगार?" या प्रश्नाचे तिला नवल वाटले. पगार चालूच, असे ती म्हणाली.

वाचकहो, मी ज्या बायकांचा अभ्यास करते, त्यांचेच काम करणारी ही बाई. तेच गुडघे, तीच कंबर. फरक एवढाच की तिच्या देशाने तिच्या दुखण्याला कामाचा भाग मानले, आणि विश्रांतीला उपचाराचा.

त्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट कळली. बाड गास्टाइनच्या वरच्या अंगाला ब्योकश्टाइन येथे डोंगरात एक बोगदा आहे. १९४० च्या दशकात सोन्याच्या शोधात तो खणला गेला. सोने काही हाती लागले नाही, पण आत विलक्षण उष्णता लागली, आणि तिथे खणणाऱ्या कामगारांची सांधेदुखी कमी झाल्याचे दिसून आले. पुढे डॉक्टरांनी अभ्यास केला आणि १९५० च्या दशकापासून तिथे उपचार सुरू झाले. रुग्णांना लहान रेल्वेत बसवून सुमारे दोन किलोमीटर आत नेतात. आत ३७ ते ४१.५ अंश उष्णता आणि भरपूर दमट हवा असते. म्हणजे सम्राटांच्या गावातला आजचा नावाजलेला उपचार कामगारांच्या सांध्यांनी शोधून काढला!

इथे सावधगिरीचा एक शब्द. त्या पाण्यात आणि बोगद्याच्या हवेत रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू थोड्या प्रमाणात असतो. रेडॉन दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात छातीत गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. म्हणून तिथे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय बोगद्यात सोडत नाहीत. गरोदर स्त्रियांनी तर हा उपचार घेऊच नये. मीही बोगद्यात गेले नाही. पाण्याला चमत्कार मानू नये. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणे काही काळ कमी होते, झोप लागते. उरलेला गुण तीन आठवडे ओझे न उचलण्याचा असतो.

तिसऱ्या दिवशी रात्री मी मायला फोन केला. मायने एका दवाखान्यात आया म्हणून पस्तीस वर्षे काढली. तिने विचारले, "आज काय काम केलं वं?" मी म्हटले, "आज काही काम नाही माय, गरम पाण्यात बसून होती." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पगार तं नाही ना कापत?"

मी म्हटले, "नाही कापत. रजा आहे." ती म्हणाली, "मंग बस."

माझी माय कायम नोकरीतली, म्हणजे कंत्राटी बायकांपेक्षा नशीबवान. तिला रजा होती. पण ती रजा तिने कधी भोगली नाही, साठवून विकली. माझ्या बारावीची फी, भावाचे वसतिगृह, धाकटीचे लग्न, सगळे तिच्या रजेच्या पैशांतून झाले. आपल्या कितीतरी घरांची प्रगती अशा विकलेल्या रजांवर उभी आहे. आम्ही पदव्या घेतल्या आणि तिचे गुडघे गेले. हा हिशेब कुठल्याच निबंधात येत नाही.

आठवण करून द्यावीशी वाटते की पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यांतील कामगारांच्या पगारी सुटीची दुरुस्ती झाली, आणि १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्यांनी स्वतः रात्र रात्र जागून अभ्यास केला, त्यांनी कामगाराच्या विश्रांतीला मात्र कायद्याचा आधार दिला. विश्रांती ही चैन असती, तर त्यासाठी त्यांनी कायदेमंडळात वेळ खर्च केला नसता. पण कारखान्याच्या भिंतीबाहेर राबणाऱ्या आपल्या लाखो बायाबापड्यांपर्यंत तो हक्क अजून धड पोहोचलेला नाही.

परत आल्यावर मी माझ्या प्रश्नावलीत एक रकाना वाढवला: गेल्या वर्षभरात पगारासह किती दिवस विश्रांती मिळाली? उत्तरे भरून येत आहेत. बहुतेक ठिकाणी शून्य लिहावे लागते. त्या शून्यावरच माझा पुढचा निबंध असेल.

परिषदांना जाणाऱ्या आपल्या तरुण अभ्यासकांना माझे सांगणे असे. जमल्यास दोन दिवस जास्त थांबा, हिशेब स्वच्छ ठेवा, आणि लाजू नका. तिथे राजवाडे पाहाच, पण तिथला कामगार कसा जगतो, आजारी पडल्यावर त्याला कोण सांभाळते, हेही विचारा. आणि घरी असणाऱ्यांना सांगणे असे की आपल्या घरातल्या राबणाऱ्या बाईला वर्षात किती दिवस पूर्ण मोकळे मिळतात, ते एकदा बोटांवर मोजून पाहा. या हिवाळ्यात मायला घेऊन मी उनकेश्वरला जाणार आहे. तिने विचारले, "कशाले?" मी सांगितले, "काही नाही, बसायले." ती अजून हो म्हणालेली नाही. पण तिने पिशवी शोधून ठेवली आहे, असे धाकटी सांगत होती.