पन्हाळ्यावर एक दिवस

कोल्हापुरात राहणाऱ्यांना पन्हाळा म्हणजे घरचाच गड. पाहुणे आले, की त्यांना घेऊन जायचं, झुणका-भाकर खायची, गार वारा अंगावर घ्यायचा आणि संध्याकाळी परत यायचं. शहरापासून अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पण डिसेंबरमधल्या एका रविवारी मी तिथे गेले ती धाकट्या मुलाने विचारलेला एक प्रश्न मनात घेऊन.

तो चौथीत शिकतो. त्या इयत्तेत शिवछत्रपतींचा इतिहास असतो. पन्हाळ्याच्या वेढ्याचा धडा झाला, त्या दिवशी तो गप्प गप्प घरी आला. रात्री हळूच म्हणाला, "अम्मी, सिद्दी जौहर मुसलमान होता ना? मग आपण कुणाच्या बाजूचे?" वर्गात कुणीतरी त्याला हेच चिडवून विचारलं होतं. मी स्वतः शिक्षिका, पण उत्तर पटकन सुचलं नाही. म्हटलं, "रविवारी गडावर जाऊ, तिथेच सांगते."

तीन दरवाज्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. दगडावरचं कोरीवकाम पाहता पाहता त्याची नजर फारसी लेखावर गेली. मक्तबमध्ये नुकतंच शिकलेलं आठवून तो ओरडला, "अम्मी, हे अलिफ, हे लाम!" हा किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा. पुढे विजापूरच्या आदिलशाहीने त्याची मोठी डागडुजी आणि बांधकामं केली, नंतर तो मराठ्यांकडे आला. महाराणी ताराबाईंनी इथूनच कारभार पाहिला. एकाच गडावर इतक्या राजवटींचे हात लागले आहेत.

तिथून अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असं सांगतात. जाड भिंतींच्या आत उभं राहिलं, की वेढ्याच्या काळात धान्याला काय मोल असेल ते समजतं. तीन मजली अंधार बावडी पाहिली. शत्रूने पाण्यात विष कालवू नये, म्हणून विहिरीवर अशी वास्तूच उभी केलेली. पाणीही राखायचं, पहाराही ठेवायचा.

सज्जा कोठीच्या कठड्याशी बसून मी मुलाला सगळी हकिकत सांगितली. मार्च १६६० पासून जौहरने गडाला वेढा घातला. चार महिन्यांहून अधिक काळानंतर, जुलैमधल्या एका पावसाळी रात्री, महाराज विशाळगडाकडे निसटले. त्यांचं रूप घेऊन पालखीत बसलेल्या नेबापूरच्या शिवा काशीदने जीव दिला. घोडखिंडीत बाजीप्रभू धारातीर्थी पडले. एवढं त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकर आले, तेव्हा त्यांच्यासोबत सिद्दी हिलाल होता. त्याचा तरुण मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला.

"म्हणजे सिद्दी दोन्हीकडे होते?" त्याने डोळे मोठे करून विचारलं.

"हो. जो ज्याच्या चाकरीत, तो त्याच्याशी इमान राखायचा. ती लढाई राज्यांची होती बेटा, नमाज आणि पूजेची नव्हती."

तो थोडा वेळ खालच्या दरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सोमवारी वर्गात हिलालचं नाव सांगेन."

परतताना साधोबाच्या दर्ग्यापाशी थांबलो. शेजारच्या तलावाकाठी एक आजी फुलांची ओंजळ घेऊन उभ्या होत्या, कपाळावर मोठं कुंकू. माझ्या मुलाला पाहून त्यांनी विचारलं, "कुठलं रं बाळ?" तो ताठ मानेने म्हणाला, "कोल्हापूरचा!"

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळाही आहे. तुम्ही जाल तेव्हा मुलांना जरूर न्या. झुणका-भाकर खाऊ घालाच, पण तीन दरवाज्यातल्या त्या अक्षरांपाशी आणि हिलालच्या गोष्टीपाशी घटकाभर थांबा. मुलं जे विचारतात ते टाळू नका. उत्तर माहीत नसेल, तर त्यांच्याबरोबर शोधा.